आधी दार, मग नाव

९ जानेवारी

बारक्या,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या फोनवरून लागत नाही. शेजारणीच्या फोनवरून लावला तर घंटा वाजते, याची खात्री करून घेतली आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. मोठ्या बहिणीला असं बंद करून टाकता येतं हे मला माहीत नव्हतं. पोस्टमनला अजून तशी सोय नाही, म्हणून कागद.

मी भांडायला लिहीत नाही. हे वाक्य खोटं आहे, पण खोडत नाही.

काल तुझ्या चाहता-मंडळाचं नेटवरचं पान वाचलं. सदस्य नसलेल्यांनाही ते वाचता येतं, एवढी फट तुम्ही अजून ठेवली आहे. 'सतरावी नौका' इतक्या वर्षांनी रेडिओवर परत आली, नवे भाग सुरू झाले, याचा आनंद तिथे एका ओळीतही नाही. सगळं पान नव्या मावशीवर. "हा आवाज ऐकून कानाला गंज चढला." ठीक, आवड ज्याची त्याची. त्याखाली, "ही कोण बया? हिच्या घशात पाना घाला." त्याखाली हसणारे चेहरे, रांगेने. त्याखाली, "पत्ता शोधा रे कुणीतरी." आणि सगळ्यांच्या वर, टाचणी लावून, तुझं: "भाच्यांनो, तुमचा संताप हाच तुमच्या प्रेमाचा पुरावा."

हे तू लिहिलंस. कुणी लिहून दिलेलं नाही; तुझी वाक्यं मला कळतात, निबंध मीच तपासायचे.

मालिका तुम्हाला तोंडपाठ आहे, म्हणूनच आठवण करून द्यावी लागते. 'सतराव्या नौके'वर एकही तोफ नव्हती. ती दुरुस्तीची नौका होती. अंतराळात कुणाचं जहाज बंद पडलं की जायची, ठोकठाक करायची, निघायची. नौका स्वतः बोलायची आणि आतली माणसं तिला मावशी म्हणायची. ऐकणारे आपण सगळे म्हणून भाचे. बंद पडलेलं जहाज शत्रूचं असो, चोराचं असो, मावशी एकच सांगायची, "आधी दार, मग नाव." आधी आत घ्या, कोण-कुठला ते मागाहून विचारा. काम झालं की त्या जहाजाच्या दाराशी एक पाना ठेवून यायची. पुन्हा बिघडलं तर लाजू नका, हाक मारा, असा त्याचा अर्थ.

बाबांना मालिका आवडायची ती एवढ्यासाठी. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करून यायचे, ग्रीसचे हात वर धरून उभे राहायचे आणि साबणाच्या आधी तुला रेडिओ लावायला सांगायचे. "आपल्या धंद्यातली माणसं आहेत रे," म्हणायचे. "जरा जास्त वर जातात, एवढंच."

'पत्ता शोधा' ही ओळ तेवढी काढ. बाकीचं मी बघून न बघितल्यासारखं करीन.

मी बरी आहे. घसा धरला आहे, गरम पाणी पिते. काम चालू आहे, आवाज रेकॉर्ड करून द्यायचं, तू ज्याला "कृपया प्रतीक्षा करा" म्हणून हसतोस तेच. वहिनीला विचारलं म्हणून सांग.

ताई


२१ जानेवारी

बारक्या,

ओळ काढलीस. तिच्या जागी समिती नेमलीस.

'श्वास समिती' हे नाव वाचून मी आधी हसले. मग समितीचं काम वाचलं. पहिल्या आठवड्यात तुम्ही सिद्ध केलंत की नवी मावशी माणूस नाहीच, यंत्रातून काढलेला आवाज आहे. आलेख, बाण, लाल गोल. मग कुणीतरी दाखवून दिलं की ती वाक्याआधी श्वास घेते. तिथे शरमायचं, तर तुम्ही उलटं सिद्ध केलंत: म्हणजे ती माणूस आहे, म्हणजे तिला नाव आहे, म्हणजे पत्ताही असणार. दोन्ही वेळा पुरावा तितकाच भक्कम. दोन्ही वेळा "शंकेला जागा नाही."

आणि गुन्हा काय, तर श्वास. जुनी मावशी म्हणे श्वास घ्यायची नाही. नौकेला फुप्फुसं नसतात, ही शास्त्राची चूक आहे, मालिकेचा अपमान आहे. बारक्या, नौका बोलतही नाही. ते बरं पोटात घातलंत.

मला तुमच्या भाच्यांच्या मेळ्यातली ती मुलगी आठवते. तुला आठवते का माहीत नाही; तुझ्यासाठी तो दोन वर्षांपूर्वीचा एक मेळा होता, माझ्यासाठी शेवटचा. खांद्याला पिशवी, छातीवर घरी शिवलेला सतराचा आकडा, तोही जरा वाकडा. दारातल्या पोरांनी तिला विचारलं, मावशीच्या डाव्या इंजिनात किती झडपा. तिला आलं नाही. विचारलं, कितवा भाग आधी ऐकलास. तिने मालिकेवरचा चित्रपट आधी पाहिला होता. "चित्रपटवाली!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळं दार हसलं. ती परत जाताना तो आकडा उसवत होती, चालता चालता, नखाने.

मी त्या पोरांना बोलले. तू पळत आलास आणि मला म्हणालास, "ताई, तू मध्ये पडू नकोस. हे आमच्यातलं आहे."

तेव्हापासून मी तुमच्यातली नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी आता सोडलं आहे. पण ज्या घरात आपण दोघं एका रेडिओला कान लावून बसायचो, तिथे 'आमच्यातलं' आणि 'तुमच्यातलं' कधी झालं ते मला अजून सापडलेलं नाही.

समिती बंद कर.

ताई


४ फेब्रुवारी

बारक्या,

तुमच्या समितीला बाई सापडली. अभिनंदन.

बसच्या डेपोवर गाड्यांची अनाउन्समेंट जिच्या आवाजात होते ती. तुमचा एक भाचा फलाटावर उभा होता, बाईने गाडीचा नंबर सांगण्याआधी श्वास घेतला, तो त्याच्या कानाने टिपला. दोन्ही श्वास शेजारी शेजारी ठेवून तुम्ही पान भरलंत. तिचा फोटो लावलात. खाली तू लिहिलंस, "काम फत्ते. आता संयम ठेवा." गावभर आग लावून वर पाणी जपून वापरा असं सांगण्यातला हा प्रकार.

मी तिला ओळखते. आम्ही आवाजाच्या एकाच वर्गात होतो, एकाच बाईंपुढे बसायचो. काल तिच्या घरी गेले. तुझा संयम कसा दिसतो ते लिहिते.

दाराशी पाने पडले होते. एक-दोन नव्हेत, ढीग. नवे, गंजके, काही खेळण्यातले प्लॅस्टिकचे. एक खिडकीतून आत आला होता, काचेसकट. पुढच्या खोलीत पुठ्ठा लावून तिने भोक बुजवलं आहे. बेल जागेवर नाही, दोन वायरी लोंबतात. तुझ्या कुणा भाच्याने आठवण म्हणून नेली असावी. पानावर बेलचाही फोटो असेल.

सासू खुर्ची टाकून पानेच निवडत बसली होती, आकाराप्रमाणे. मला म्हणाली, "या. एवढा माल आला आहे, गॅरेजच काढावं म्हणते." मग सून आत गेल्यावर हळूच, "ती जेवत नाही हो. तिला सांगा काहीतरी."

मी तिला म्हटलं, "तू ती नाहीस हे सांगून टाक ना."

"सांगितलं की. आवाज रेकॉर्ड करून पाठवला. म्हणाले, खोटं बोलते आहे, बघा, खोटं बोलताना श्वास कसा वाढला."

"मग?"

"मग काय? मलाच वाटायला लागलं, आपण फार श्वास घेतो का."

डेपोवर रोज टोळकं जमतं. तिचा आवाज लागला की "श्वास घे, श्वास घे" असा गजर होतो. म्हातारी माणसं गाडीचा नंबर ऐकू न आल्याने भलत्याच गाडीत चढतात. डेपोच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, तुमचं काही चुकलेलं नाही, पण काही दिवस तुमचा आवाज बंद ठेवू." आता तिथे नुसती घंटा वाजते आणि फळ्यावर खडूने लिहितात.

तुला निरोप पाठवला होता. त्याचं उत्तर वहिनीकडून आलं: "ताईला सांग, तिला यातलं काही कळत नाही."

पाना ठेवायचा तो पुन्हा हाक मार म्हणून. तो काचेतून फेकून मारायची वस्तू कुणी केली? त्या पोरांनी एकट्यांनी नाही. ती पोरं तुझ्या तोंडाकडे बघतात.

ताई


५ फेब्रुवारी

बारक्या,

कालच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, ठेवली.

नवी मावशी मी आहे.


७ फेब्रुवारी

बारक्या,

परवाचं पत्र टाकलं आणि पुढचं लिहायला दोन दिवस गेले. राग आला की माझा आवाज बसतो हे माहीत होतं, हातही बसतो हे नवीन.

मी मागायला गेले नव्हते. आमच्या बाईंनी माझं नाव सुचवलं. तुला त्या ठाऊक आहेत, चांगल्याच. तुझ्या मंडळाच्या पानावर सगळ्यात वर ज्यांचा फोटो आहे, ज्यांच्या नावाने तुम्ही हे सगळं चालवता, त्या मूळ मावशी म्हणजेच आमच्या बाई. आमच्या बाईंचं आणि तुझ्या मावशीचं तोंड एकच, हे मी तुला पूर्वी कधी सांगितलं नाही, कारण त्यांना घरी येणारे भाचे नको होते. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आहे. बोलत नाहीत, पाटीवर लिहितात. तुमच्यापैकी कुणीही त्यांना विचारायला गेलेलं नाही की बाई, तुम्हाला काय वाटतं. तुम्हाला त्यांचा आवाज हवा आहे. तो आता कुणाकडेच नाही, त्यांच्याकडेही नाही.

श्वासाचं त्यांनीच सांगितलं. जुन्या काळी टेप ब्लेडने कापायचे. दर वाक्याआधीचा त्यांचा श्वास कापून काढायचे आणि टोकं चिकटवायचे. त्यांनी पाटीवर लिहिलं: "माझे श्वास केराच्या बादलीत जायचे. तुझे राहू दे. नौका म्हातारी झाली आहे, तिला दम लागू दे." लिहून झाल्यावर हसल्या. आवाज आला नाही, खांदे हलले.

त्यांनीच डेपोवालीलाही शिकवलं. आधी श्वास, मग शब्द, म्हणजे ऐकणारा सावध होतो, कुणीतरी आपल्याशी बोलणार आहे हे त्याला कळतं. तुम्ही शोध लावलात तो बरोबर होता. श्वास एकच होता. बाई वेगळी होती. वर्गात कधी न बसलेल्या माणसांची चूक ही.

मालिका काढणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं, शेवटचा भाग होईपर्यंत नाव सांगायचं नाही. पूर्वीही सांगत नसत. मला ते बरंच वाटलं. वाटलं, तू ऐकशील. आठवड्याभरात फोन करशील, म्हणशील, "ताई, चोरटे!" मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते आता सांगत नाही.

तू ऐकलंस. समितीतला सगळ्यात बारीक कान तुझा, असं पानावर लिहिलं आहे. माझं एकेक वाक्य तू उलटं-सुलटं करून, वेग कमी करून, शंभरदा ऐकलंस. बाबांच्या हातावर फोड आले तेव्हा तुला झोपवायला मी याच आवाजात गोष्ट सांगितली होती. बारक्या, तू ऐकायला बसलाच नव्हतास. पकडायला बसला होतास.

बाबा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी काय करायचे, आठवतं? हत्यारं काढायच्या आधी दाराला तोंड लावून बोलायला लागायचे. कोण आहात, कशाला चढलात, वजन किती, काही नाही. "मी आलो आहे. इथेच आहे." म्हणायचे, "आत हवा असते गं. तरी माणूस गुदमरतो, बाहेरचा आवाज थांबला की." ती बाई पुठ्ठा लावलेल्या खोलीत बसली आहे आणि बाहेरचा आवाज तुझा आहे.

मी आज नाव सांगू शकते. कंपनी काय करायचं ते करील. पण मी सांगितलं तर तुझी पोरं म्हणतील, बरं झालं, खरी सापडली, आणि पाने माझ्याकडे वळवतील. डेपोवालीची कुणाला आठवणही राहणार नाही. तिच्या बाबतीत चूक झाली, हे केलं त्याच्या तोंडून यायला हवं. पुढच्या रविवारी मेळा आहे. व्यासपीठावर उभा राहा आणि सांग: ही ती नाही. आम्ही चुकलो. हिच्या दाराशी कुणी जायचं नाही. तिचा फोटो काढ, माफीचा लाव.

नाही सांगितलंस तर मी तिला घेऊन येते.

ताई


१७ फेब्रुवारी

बारक्या,

परवा काय झालं ते तू पाहिलंस, पण आतून. मी दाराबाहेर होते. तिथून कसं दिसलं ते लिहिते.

त्याआधी एक. मेळ्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला. म्हणाली, "वन्सं, मला पहिल्या भागातच कळलं होतं. लग्नानंतर वर्षभर 'दार नीट लावून घे' असं तुम्ही मला याच आवाजात सांगायचा."

मी विचारलं, "त्याला बोलली नाहीस?"

"बोलले की. म्हणाले, ताईला कोण घेतंय."

म्हणजे तुला सांगितलेलं होतं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण नंतर तू विसरशील.

दारात तुझी दोन पोरं, निळे डगले, छातीवर सतरा. शेजारी पाने टाकायची टोपली. बाहेर लांब रांग. आमचा नंबर आला.

"मावशीचा पहिला बिघाड कोणता?" एकाने विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग काकू, तुम्ही भाची नाही."

"नाहीच आहे मी भाची."

"मग आत काय काम?"

डेपोवाली म्हणाली, "माझं काम आहे. माझी बेल इथे आहे का बघायची आहे." ती असं काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

मग मी श्वास घेतला आणि म्हटलं, "आधी दार, मग नाव." त्याच आवाजात, स्टुडिओत म्हणते तसं.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. एक तरी मान वर होईल. तो पोरगा म्हणाला, "मिमिक्री बरी आहे, काकू. पण तुम्ही नवीची करताय. जुनीची करून दाखवा." रांग हसली. मीही हसले असते, बाजूला ती उभी नसती तर.

मग एक जण आत पळाला, "दादा, एक बाई ऐकत नाहीत," आणि तू आलास. अंगात कप्तानाचा डगला, कमरेला बाबांचा पाना. काळ्या टेपची पट्टी आणि त्यावर निळी वायर गुंडाळलेला, हात घसरू नये म्हणून त्यांनी स्वतः गुंडाळलेली. तू तो मिरवायला लावला होतास.

"ताई, इथे नको. घरी बोलू."

"घरी तू फोन उचलत नाहीस."

"लोक बघतायत."

"बघू दे. मला काही नको. हिच्याकडे बघ आणि सांग, ही ती नाही."

तू तिच्याकडे बघितलं नाहीस. मी तुझे डोळे बघत होते. ते माझ्यावरून टोपलीवर गेले, टोपलीवरून घड्याळावर. मध्ये ती उभी होती, तिला वगळून गेले. म्हणालास, "पुरावे बघायला समिती आहे."

आणि दार लावलंस. पोरांनी नाही, तू. कडीचा आवाज आला.

नंतरचं तुला फोनवर बघायला मिळालंच असेल, सगळे चित्रण करत होते. मी रांगेकडे तोंड करून माझं पूर्ण नाव सांगितलं. काम सांगितलं. म्हटलं, ही बाई डेपोत काम करते, हिने तुमचं काही बिघडवलेलं नाही, बिघडवलं असेल तर मी. मग मागून एक आवाज आला, "पुरावा?"

मी म्हटलं, "आत्ता श्वास घेतला ना. तुमचा पुरावा तोच होता."

एक वयस्कर गृहस्थ रांगेतून बाहेर पडले. छातीवरचा आकडा काढून खिशात ठेवला, नातीला म्हणाले, "चल, आइस्क्रीम खाऊ." तेवढे दोघे गेले. बाकीची रांग दोन पावलं पुढे सरकली, त्यांची जागा भरून.

ताई


३ मार्च

बारक्या,

ठरल्याप्रमाणे आता पाळी माझी. रोज येतं. काही वाचते, बरंच नाही. एकाने लिहिलं, "तुझा बाप लिफ्टमन होता, तू खालीच राहा." ही माहिती त्याला कुणी दिली, ते मी विचारत नाही. तूच कधी अभिमानाने सांगितलं असशील. तुमच्याकडे अभिमानाचं असंच होतं.

डेपोवालीचा आवाज अजून लागलेला नाही. साहेब म्हणतात, विचार चालू आहे. तुमच्या पानावर तिचा फोटो अजून आहे. पान मात्र बंद: "देखभालीसाठी बंद आहे, तसदीबद्दल क्षमस्व." दुरुस्तीच्या नौकेच्या भक्तांना दुसरं काही सुचलं नाही. क्षमस्व हा शब्द तुम्हाला येतो, एवढं कळलं.

कंपनीच्या माणसाने बोलावलं होतं. चांगला आहे, घाबरलेला आहे. म्हणाला, "बाई, शेवटच्या भागातले श्वास काढून टाकू या का? एक बटण दाबायचं. वादच मिटेल."

मी म्हटलं, "काढा. आणि पुढच्या वेळी नाक नसलेली बाई बघा."

श्वास राहिले आहेत. शेवटच्या भागात मावशी बंद पडते आणि कुणीतरी अनोळखी जहाज येऊन तिला दुरुस्त करतं. लिहिणाऱ्याने चांगलं लिहिलं आहे. मी ते म्हणताना मला काहीही वाटलं नाही. आधी वाटलं, घसा असेल. पण घसा ठीक होता. वाक्य उघडलं की आतून तुमची पोरं हसताना ऐकू येतात. लहानपणापासून माझी एक खोली होती, तिच्यात तुम्ही भरलात, चपला घालून, आणि आता मलाच विचारता की तू कोण.

बाईंना सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "मी कधीच ऐकली नाही ती मालिका. काम झालं की घरी यायचे." मग पुसून लिहिलं, "तूही ये."

म्हणून पुढचे भाग मी करणार नाही. भ्यायले असं तुम्ही लिहाल. लिहा. मी भ्यायले नाही, विटले. डेपोवालीचं निस्तरेपर्यंत मात्र मी गप्प बसणार नाही.

ताई


२० मार्च

बारक्या,

आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पाना.

मी दार परत लावून घेतलं. पाठ टेकून उभी राहिले. पुठ्ठा कुठे मिळेल, हा पहिला विचार. मग वाटलं, टाकला आहे की ठेवला आहे ते तरी बघू. उघडलं. ठेवलेला होता, भिंतीला समांतर, नीट. काळी पट्टी. निळी वायर.

चिठ्ठी नाही. नाव नाही. जिन्यात कुणी नाही. समोरच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्यासारखंच नाक असलेला एक जण होता. बराच वेळ उभा होता. मी म्हटलं, बेल वाजवा की. तर गेला."

वहिनी म्हणते तू कप्तानाचा डगला माळ्यावर टाकला आहेस. तिने विचारलं, "वन्सं, त्यांना माफ केलंत का?" मी म्हटलं, माझ्याकडे कुणी मागितलेली नाही.

पाना हातात घेऊन बघितला. जड आहे. बाबा तो एका बोटावर फिरवायचे. तू ठेवून गेलास, म्हणजे तुला काहीतरी म्हणायचं होतं, ते मला कळलं. मला रडूही आलं, हे लिहून टाकते, नाहीतर वहिनी सांगेल. पण न बोलता ठेवून जायचं हा मावशीचा मान होता. ती दुरुस्त करून ठेवायची. तू बिघडवून ठेवलास.

आणि दार चुकलं.

काच माझी फुटलेली नाही. डेपोवर घंटा वाजते ती माझ्या जागी नाही. मी फार श्वास घेते का, असं मला वाटत नाही. तिला वाटतं, अजून. काल बोलताना ती वाक्याच्या मध्ये थांबली आणि तोंडावर हात ठेवून श्वास घेतला.

तेव्हा पाना मी ठेवून घेते. तो माझ्याकडे राहील. तू तिच्याकडे जा. डगला नको, समिती नको, पोरं नकोत, हातात काही नको. सासू खुर्चीत बसलेली असेल, ती तुला आत घेणार नाही, आधी नाव विचारील. मावशीचा नियम अडकलेल्यांसाठी होता, अडकवणाऱ्यांसाठी नाही. नाव सांग, बाबांच्या नावासकट, पूर्ण. फोटो कुणी लावला ते सांग. मग ती दार उघडेल किंवा उघडणार नाही. तिथून डेपोच्या साहेबांकडे जा आणि तेच पुन्हा सांग.

बेल शोधू नकोस. ती तुमच्यापैकीच कुणीतरी नेली आहे. दार हाताने वाजवावं लागेल.

ताई